रेडवुडच्या किनारी जंगलात एल्क आणि हरणं नक्की कधी, कुठे दिसतात?

ओलीमाती:
मागच्या जूनमध्ये उत्तर कॅलिफोर्नियात रेडवुडला तीन दिवस राहिलो. रोज नाश्ता आटोपून नऊ-साडेनऊला बाहेर पडायचो आणि दुपारपर्यंत उंच झाडांखालच्या पायवाटा तुडवायचो. चिखलात खुरांचे ठसे दिसले, लेंड्याही दिसल्या, पण जनावर एकही नाही. आता ऑक्टोबरमध्ये आई येतेय. ती ७२ वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. तिला एकदा तरी रानात मोकळं फिरणारं हरीण दाखवायचंय. कुठे नेऊ?

रानवाट:
तुमची वेळ चुकली आणि जागाही. दाट रेडवुडखाली ऊन फारसं पोचतच नाही. तिथे नेचे मुबलक, पण गवत जवळपास नाहीच. इथल्या रूझवेल्ट एल्कना, म्हणजे हरणांच्याच कुळातल्या थोराड जनावरांना, गवत हवं असतं, त्यामुळे ते दिवसा सावलीला आत शिरतात आणि चरायला मोकळ्या माळावर येतात. जंगलात शोधू नका, जंगल जिथे संपतं त्या काठावर थांबा.

मी गेली नऊ वर्षं दर सप्टेंबरअखेर तिकडे जाते. आईंसाठी दोन जागा सांगेन. पहिली प्रेअरी क्रीक रेडवुड्स स्टेट पार्कमधली एल्क प्रेअरी, न्यूटन बी. ड्रुरी पार्कवेला लागूनच आहे. दुसरी ऑरिक गावाच्या उत्तरेला, हायवे १०१ वरून डेव्हिसन रोडला वळल्यावर लगेच लागणारं एल्क मेडो. दोन्हीकडे गाडीतून बघता येतं. डेव्हिसन रोड पुढे कच्चा होतो आणि गोल्ड ब्लफ्स बीचला जातो. तिथे समुद्राच्या वाळूवर कळप उभा असलेला मी पाहिलाय, पण खड्डे खूप आहेत, आईंच्या गुडघ्यांचा विचार करून ठरवा. १५ मे ते १५ सप्टेंबर तिकडे जायला आधी परवाना काढावा लागतो, ऑक्टोबरात ती अडचण नाही.

आणि ऑक्टोबर म्हणालात ते उत्तमच. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत एल्कचा माजाचा हंगाम असतो. एरवी वेगळे राहणारे नर तेव्हा माद्यांच्या कळपाभोवती असतात. शक्यतो पहिला पंधरवडा गाठा.

पहिल्या वर्षी मी पहाटे एल्क प्रेअरीला पोचले तेव्हा धुक्यात समोरचं कुंपणही दिसत नव्हतं. आधी शीळ ऐकू आली. पाचशे किलोपर्यंत भरणारा हा प्राणी, आणि गळ्यातून निघते ती बारीक, चढत चढत जाणारी शीळ, शेवटी घोगऱ्या हुंकारात संपणारी. बऱ्याच वेळाने धुकं उचललं तेव्हा नर माझ्या अंदाजापेक्षा खूपच जवळ होता. शिंगांत उपटलेले नेचे अडकलेले, पोट चिखलाने काळं. मी गाडीतून उतरले नाही, श्वाससुद्धा हळू घेत होते.

पाडस:
वरच्या सगळ्याला दुजोरा. एक भर, मे-जूनमध्ये जाणाऱ्यांसाठी. त्या दिवसांत माद्या विणीच्या असतात आणि पिल्लाला उंच गवतात दडवून चरायला जातात. मी एकदा फोटोच्या नादात वाट सोडली. पिल्लू मला दिसलंच नाही. आईने कान मागे टाकले आणि थेट माझ्यावर धावून आली. झाडाआड गेलो म्हणून वाचलो. किमान ७५ फूट अंतर ठेवायला सांगतात. मी त्याच्या दुप्पट ठेवतो आता.

ओलीमाती:
मनापासून आभार. एल्क नाहीच दिसले तर साधं हरीण तरी दिसेल का? आणि सकाळ बरी की संध्याकाळ?

रानवाट:
काळ्या शेपटीची हरणं तिथे आहेत. एल्कपेक्षा खूपच लहान असतात, कळपही छोटा, एखाद-दुसरी मादी आणि पाडसं. झुंजुमुंजू होताना किंवा तिन्हीसांजेला रस्त्याच्या कडेला झुडपं खुडताना दिसतात. म्हणून त्या वेळी गाडी अगदी हळू चालवा. एक रस्ता ओलांडून गेलं की लगेच वेग वाढवू नका, मागून दुसरं येतंच. त्यांचा माज थोडा उशिरा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतो, त्यामुळे तुम्हाला शिंगवाला नरही दिसू शकेल. आपल्या चितळ-सांबरासारखी ही दोन्ही सारंगकुळातली, शिंगं दरवर्षी गाळणारी. गळलेलं शिंग सापडलं तर उचलू नका, तिथे ते न्यायला बंदी आहे.

मला विचाराल तर सकाळ. संध्याकाळी गाड्यांची वर्दळ असते. आणि बघायला मिळेल तेव्हा आईंना हेही सांगा: १९२५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात या एल्कचा एकच कळप उरलाय, त्यात जेमतेम पंधरा जनावरं असतील, असं मानलं जात होतं. आज माळावर तीस-चाळीस एकत्र चरताना दिसले की मला अजून भरून येतं.

उजाडण्याच्या अर्धा तास आधी पोचा आणि इंजिन बंद करा. आईंना शाल द्या, किनाऱ्याची थंडी ओली असते. पण काच खालीच ठेवा, नाहीतर शीळ ऐकू येणार नाही.