शब्दचर्चा: जीव्हज हा बर्टीचा नेमका कोण?

प्रश्न

आईला सध्या मी 'जीव्हज अँड वूस्टर' दाखवतेय. ग्रॅनाडा टेलिव्हिजनची जुनी मालिका, 1990 ते 1993, चार पर्वं, तेवीस भाग. स्टीफन फ्राय जीव्हज, ह्यू लॉरी बर्टी वूस्टर. आईला इंग्रजी येतं, पण ते भराभर बोलणं कानाला झेपत नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत जाते. पहिल्याच भागात अडकले. रात्रभर धिंगाणा घालून आलेल्या बर्टीचं डोकं ठणकतंय. एजन्सीनं पाठवलेला जीव्हज दारात उभा राहतो, फारसं न विचारता आत जातो आणि ग्लासात काहीतरी ढवळून आणतो. बर्टी ते गटकन पितो, क्षणभर जीव जातोय की काय असा चेहरा करतो, मग एकदम लख्ख होतो आणि जीव्हजला तिथल्या तिथे कामावर ठेवतो.

आईनं विचारलं, "हा त्याचा कोण?"
मी म्हटलं, "व्हॅले."
"ते गाड्या लावतात ते?"
"नाही, तसा नव्हे. नोकर."
थोडा वेळ बघून ती म्हणाली, "नोकर वाटत नाही गं. नोकराला कुणी इतकं वचकून असतं का?"

तेव्हापासून शब्द शोधतेय. नोकर, गडी, सेवक, बटलर, काहीच बसत नाही. 'सेवक' म्हटलं की देवळातला वाटतो, 'खासगी सेवक' म्हटलं की सरकारी कागद. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद

सरळ 'बटलर' म्हणा. सगळ्यांना कळतो. इंग्रजीतही लोक जीव्हजला बटलरच म्हणतात.

प्रतिसाद

म्हणतात खरं, पण ते चूक आहे, आणि ही चूक जीव्हजला मुळीच आवडली नसती. बटलर घराचा असतो, व्हॅले माणसाचा असतो. एवढं एक सूत्र धरलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

मालिकेतच बघा. बर्टीच्या डेलिया आत्याचं ब्रिंकली कोर्ट हे गावाकडचं मोठं घर. तिथे सेपिंग्ज नावाचा बटलर आहे. दार उघडणं, जेवणाच्या टेबलाची व्यवस्था, दारूचं तळघर, हाताखालच्या नोकरांवर देखरेख हे त्याचं काम. पाहुणे येवोत-जावोत, सेपिंग्ज तिथेच. जीव्हज मात्र बर्टी जाईल तिथे जातो. लंडनचा फ्लॅट असो, गावाकडचं घर असो की न्यूयॉर्क असो, बर्टीची बॅग भरणं, सकाळचा चहा, कपडे काढून ठेवणं, दाढीचं सामान, बुटांची चकाकी. बर्टीच्या फ्लॅटमध्ये दुसरा माणूसच नाही, म्हणून तो दारही उघडतो आणि पाहुण्यांना पेयही देतो. त्यामुळे बघणाऱ्याला तो बटलर वाटतो. वेळ पडली तर तो बटलरचं काम उत्तम करतो, पण ते त्याचं पद नव्हे.

शब्दांची कुळंही वेगळी आहेत. 'बटलर' जुन्या फ्रेंचमधून आला, 'बॉटल' ज्या घराण्यातला त्याच घराण्यातला. म्हणजे मुळात बाटल्या सांभाळणारा. 'व्हॅले' आणि 'व्हॅसल', म्हणजे मांडलिक, हे एकाच मुळाचे. सरदाराच्या हाताखाली वाढणारा पोरगा हा त्याचा जुना अर्थ.

आपल्याकडे ही वाटणी नव्हती असं समजू नका. मराठेशाहीतले अठरा कारखाने, म्हणजे दरबारी खाती, आठवा. त्यात आबदारखाना वेगळा आणि जामदारखाना वेगळा. 'आब' म्हणजे पाणी, 'जामा' म्हणजे वस्त्र. दोन्ही शब्द फारसी. पाण्याचं खातं एकाकडे, वस्त्रं-जवाहीर दुसऱ्याकडे. बाटल्या सांभाळणारा बटलर आणि कपडे सांभाळणारा व्हॅले, हीच वाटणी आपल्या राजवाड्यांत होती. जामदार आडनावाची माणसं तुमच्या ओळखीत असतीलच. अर्थात जीव्हजला 'जामदार' म्हणा असं मी सुचवत नाही, ते दरबारातलं मोठं खातं होतं. पण बटलर आणि व्हॅले यांना एकच शब्द लावणं म्हणजे आबदार-जामदार एक करणं, एवढं लक्षात ठेवावं.

प्रतिसाद

उच्चाराबद्दल थोडं. आपण हॉटेलांच्या दारात 'व्हॅले पार्किंग' वाचतो, तो फ्रेंच वळणाचा उच्चार. या अर्थाने जुन्या इंग्रज घरांत 'व्हॅलिट' म्हणत, शेवटचा ट ऐकू यायचा. आणि नाव 'वूस्टर' लिहिलं तरी 'वु' ऱ्हस्वच म्हणायचा, तसंच ज्याच्या कथांवर ही मालिका बेतली त्या लेखकाचं नाव वुडहाउस.

प्रतिसाद

'हुजऱ्या' कुणी सुचवला नाही याचं आश्चर्य वाटलं. हुजूर म्हणजे समक्षता, सान्निध्य. जो सतत धन्याच्या समोर, हाकेच्या अंतरावर असतो तो हुजऱ्या. अर्थाच्या दृष्टीने याच्याइतका जवळचा शब्द मराठीत दुसरा नाही. पण आज तो वापरता येत नाही, कारण 'हुजरेगिरी' या शब्दानं त्याचा घात केला. हुजरेगिरी म्हटलं की पुढाऱ्यामागे फिरणारा, होला हो म्हणणारा लाळघोट्या डोळ्यापुढे येतो. जीव्हज नेमका याच्या उलट आहे. बर्टीनं जांभळे मोजे घेतले की तो नापसंती लपवत नाही. 'इंडीड, सर?' एवढे दोनच शब्द, पण त्यात सगळं येतं.

एक चांगला, स्वच्छ शब्द असा हातातून गेला याची मला खरंच हळहळ वाटते. हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. इंग्रजीत 'नेव्ह' म्हणजे आधी नुसता मुलगा, मग नोकर पोरगा, मग लुच्चा. व्हॅलेचाच जुना भाऊ 'व्हार्लेट', तोही असाच बदमाश होऊन बसला. 'व्हॅले' तेवढा इभ्रत राखून राहिला.

आणि पत्त्यांचा कॅट हातात घ्या. आपला राजा, राणी, गुलाम. फ्रेंच पत्त्यांत गुलामाच्या पानाचं नाव काय आहे माहीत आहे? व्हॅले. इंग्रजीत त्याच पानाला पूर्वी नेव्ह म्हणत. म्हणजे लहानपणापासून आपण झब्बू खेळताना ज्याला गुलाम म्हणत आलो, तो फ्रेंच घरात व्हॅले होता.

प्रतिसाद

पत्त्यांचं वाचून फार आनंद झाला, हे ठाऊक नव्हतं. पण जीव्हजला गुलाम म्हणता येणार नाही, त्याचं कारण कथेतच आहे. गुलामाला सोडून जाता येत नाही, जीव्हजला येतं. 1934 च्या कादंबरीत बर्टी बँजोलेले वाजवण्याचा हट्ट सोडत नाही, तर जीव्हज नोटीस देऊन दुसरीकडे कामाला जातो. त्याला कामाची वाण नाही, बर्टीला मात्र तसा माणूस मिळत नाही. धाक आहे तो या गोष्टीचा. तुमच्या आईंनी अचूक ओळखलं.

त्यातून त्याचा स्वतःचा क्लबही आहे. ज्युनियर गॅनिमीड, लंडनच्या कर्झन स्ट्रीटवर, फक्त बटलर आणि व्हॅले लोकांसाठी. गॅनिमीड म्हणजे ग्रीक देवांना चषक भरून देणारा. तिथे एक वही असते आणि प्रत्येक सभासदानं आपल्या धन्याची माहिती त्यात लिहायची असा नियम आहे. बर्टीवर पानंच्या पानं आहेत. त्यात कुटाळकी नाही; पुढे कामाला येणाऱ्यानं घर बघून पाऊल टाकावं म्हणून ती व्यवस्था. हा धंद्याचा अभिमान ज्या शब्दात येत नाही तो शब्द अपुरा.

प्रतिसाद

मी सातारा भागातला. तुम्ही सगळे 'गडी' शब्दाला नोकरापुरता धरून चाललाय, ते मला पटत नाही. आमच्याकडे गडी म्हणजे कर्तबगार पुरुष. 'गडी कामाला वाघ हाय' हे कौतुक आहे. खेळगडी, सवंगडी हे बरोबरीचे. शेतावरचा सालगडी वर्षाच्या बोलीवर बांधलेला असतो, तरी घरातल्या लग्नाचा विचार करताना त्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही अशी घरं मी पाहिली आहेत. नुसतं 'घरगडी' म्हटलं की मात्र अर्थ खाली येतो, आणि मुंबईत 'रामा' म्हणायचे तेव्हा तर माणसाचं नावच पुसलं जायचं. दोष 'गडी' शब्दाचा नाही.

आणखी एक. वुडहाउसनं 'जीव्हज' हे नाव उचललं ते एका क्रिकेटपटूवरून. पर्सी जीव्हज, वॉरिकशरचा मध्यमगती गोलंदाज. 1913 मध्ये चेल्टनमला वुडहाउसनं त्याला खेळताना पाहिलं होतं. कथेतला जीव्हज 1915 मध्ये पहिल्यांदा छापून आला आणि पुढच्याच वर्षी, जुलै 1916 मध्ये, खरा जीव्हज पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत मारला गेला. पहिल्या दर्जाच्या 50 सामन्यांत त्यानं 199 गडी बाद केले होते. आपल्या पेपरांत आजही 'सहा गडी राखून विजय' असंच छापतात. तेव्हा गडी शब्दाला एवढ्यात बाद करू नका, ही विनंती.

प्रश्नकर्ती

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! पर्सी जीव्हजची गोष्ट आईला सांगितली, ती बराच वेळ काही बोललीच नाही.

आता दुसरी अडचण सांगते. इंग्रजीत एकच 'यू'. मराठीत बर्टीनं जीव्हजला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? मी 'अरे जीव्हज, चहा आण' असं करत होते. कानाला खटकतंय, पण का ते सांगता येत नाही.

प्रतिसाद

खटकणारच. 'अरे जीव्हज' म्हटलं की तो पोऱ्या झाला. 'अहो जीव्हजराव' म्हटलं की शेजारचे काका झाले. वयावर हे सुटत नाही. फ्रायचा जन्म 1957 चा, लॉरीचा 1959 चा, पडद्यावर दोघं जवळजवळ एका वयाचे.

पण मराठीत एक जागा आहे जिथे हे नातं रोज बोललं जातं: कचेरी. 'कुलकर्णी, ती फाईल आणा.' नुसतं आडनाव, पुढे-मागे काही नाही, आणि क्रियापद मात्र आदरार्थी. हुकूम आहे, पण अरेतुरे नाही. जीव्हज हे आडनावच आहे. त्याचं पहिलं नाव रेजिनाल्ड, हे वाचकांना 1971 पर्यंत कळलंसुद्धा नव्हतं. तेव्हा बर्टी म्हणेल, 'जीव्हज, चहा आणा.' जीव्हज म्हणेल, 'आणला आहे, साहेब.' 'सर' नको, मराठीत सर म्हणजे मास्तर. आणि जीव्हजच्या तोंडी 'तुम्ही'पेक्षा 'आपण' घाला. 'आपण हा कोट घालणार आहात?' एवढं म्हटलं की कोट परत कपाटात गेलाच म्हणून समजा.

आत्यांचं मात्र तुम्ही आधीच बरोबर करत असाल. अगाथा आणि डेलिया दोघी मूळच्या वूस्टर, बर्टीच्या वडिलांच्या बहिणी. इंग्रजीत नुसत्या आंट, मराठीत नेमक्या आत्या. डेलियाचा नवरा टॉम हा आतोबा. इथे आपली भाषा इंग्रजीपेक्षा जास्त सांगते.

प्रतिसाद (आबदार-जामदार लिहिणारा)

'कुलकर्णी, फाईल आणा' वाचून पटलं. मूळ शब्दाबद्दल दोन दिवस विचार करून एक सुचवतो. आपण नाम शोधतोय, तिथेच अडतोय. मराठीत हे नातं नामानं सांगायची पद्धतच नाही, ते विभक्तीनं सांगतात. 'साहेबांच्या दिमतीला दोन माणसं आहेत.' 'दिमतीला असणे' यात सगळं आलं: घराचा नव्हे, एका माणसाचा, त्याच्या वेळेशी बांधलेला, आणि तरी हलका नव्हे, कारण दिमतीला मोटार असते, फौज असते, डॉक्टरही असतो.

आणि नामच हवं असेल तर 'माणूस' घ्या. बर्टी स्वतः 'माय मॅन जीव्हज' म्हणतो, 1919 च्या कथासंग्रहाचं नावच ते आहे. आपणही म्हणतोच की, 'वकिलांचा माणूस येऊन गेला', 'त्यांचा माणूस घेऊन येईल'. यात तो कामाचा आहे हेही कळतं आणि 'आपला माणूस' मधली जवळीकही कुठेतरी लागून येते. इंग्रजीतल्या 'मॅन'ला जो दुहेरी पदर आहे तोच मराठी 'माणूस'ला आहे, नशिबानं.

इंग्रजीत व्हॅलेला 'जंटलमन्स जंटलमन' असंही म्हणतात, त्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्यातला जंटलमन म्हणजे सभ्य माणूस नव्हे, ज्याला पोटासाठी काम करावं लागत नाही तो. बर्टीसाठी 'खुशालचेंडू' चपखल बसतो, पण 'खुशालचेंडूचा खुशालचेंडू' म्हणजे काहीतरी भलतंच होईल. कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

प्रश्नकर्ती

काल परत पहिल्या भागापासून सुरू केलं, आईच म्हणाली. जीव्हज ट्रे घेऊन आत आला. वुडहाउस त्याला 'चालत आला' असं सहसा लिहीत नाही, तो नुसता तरळत येतो, आणि फ्रायनं ते पायांतून दाखवलंय, बूट वाजतच नाहीत. ग्लासात काय असतं तेही आता आईला सांगितलं: वूस्टर सॉस, कच्चं अंडं आणि लाल मिरपूड. तिनं तोंड वाकडं केलं.

मी म्हटलं, "हा आजपासून बर्टीच्या दिमतीला."

आई पडद्याकडे बघत होती. बर्टी ग्लास खाली ठेवत होता, जीव्हज मागे हात बांधून उभा होता. ती म्हणाली, "असं होय. मग बरोबर. पण मला विचारशील तर बर्टीच त्याच्या ताब्यात आहे."