पोकरमधला तोटा नशिबाचा की आपल्या सवयीचा?

भुसावळकर
2022 पासून तीन वर्षं ऑनलाइन पोकर खेळलो. पहिली दोन वर्षं निव्वळ तोटा, तिसऱ्या वर्षी थोडा नफा. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि माझा हिशेब तिथेच थांबला. पण एक मत पक्कं झालंय. पोकर शिकता येतो, आणि आपल्याकडची माणसं हरतात ती नशिबाने नाही, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या पत्त्यांच्या सवयीने.

आखाजीला आमच्या गल्लीत तीन पत्ती रंगते तेव्हा पॅक करणाऱ्याला, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडणाऱ्याला, भित्रा म्हणतात. तेच डोक्यात बसलेलं. डाव वहीत लिहायला लागलो तेव्हा चूक दिसली. सगळ्यांच्या आधी बोलायची पाळी, हातात बदामचा राजा आणि किलवरचा गुलाम, तरी मी पैसे लावायचो. टेबलावर सगळ्यांच्या सामाईक पत्त्यांत राजा पडला की खूश. पण समोरच्याकडे राजा-एक्का किंवा राजा-राणी निघायची. जोडी तीच, त्याचा दुसरा पत्ता मोठा, आणि मी शेवटपर्यंत भरत राहिलेलो.

दुसरी गळती रंगाची, म्हणजे एकाच चिन्हाचे पाच पत्ते जमवायची. चार इस्पिक झाले, पाचवं हवं. न दिसलेल्या 47 पत्त्यांत 9 इस्पिक, म्हणजे पुढच्या पत्त्यावर साधारण 19 टक्के. पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या पैशांत, 300 होते, समोरच्याने आणखी 300 लावले. मी 300 भरले की पॉट 900 चा, म्हणजे निदान 33 टक्के शक्यता हवी. त्याच पैशांत उरलेले दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर 35 टक्के होतात, पण मधे तो परत लावणारच. शाळेतलं गणित आहे. दोन वर्षं मी ते केलंच नाही.

अमळनेरची ताई
भाऊ, गणित बरोबर असेल, पण माझा प्रश्न वेगळा आहे. माझे सासरे रावेरला केळी पिकवतात. व्यापारी भाव पाडतो, तरी ट्रक भरून माल जातो आणि कुणाच्या तरी पोटात पडतो. पोकरच्या टेबलावर काय पिकतं? सहा जण जेवढे घेऊन बसले तेवढेच पैसे, त्यातून कंपनी पॉटमागे रेक, म्हणजे आपला वाटा, कापणार. तोच पैसा रात्रभरात किती वेळा पॉटमध्ये फिरतो आणि दर फेरीला झिजतो! तुम्ही जिंकलात म्हणजे समोर कुणीतरी कच्चा होता. माझा धाकटा भाऊ तसा होता. ट्रॅक्टरच्या हप्त्याचे पैसे घातले त्याने. "एकदा शिकलो की वसूल होतील," हेच म्हणायचा.

भुसावळकर
ताई, वाचून वाईट वाटलं. वसूल करायला बसणं हीच सगळ्यात महागडी चूक. माझ्या वहीतले रात्री बारानंतरचे डाव वेगळे काढले तर ते तिसऱ्या वर्षीही तोट्यातच आहेत. पण कच्चा आणि पक्का खेळाडू असा फरक तुम्हीच केलात. मग हे नुसतं नशीब कसं?

धुळ्याचा पोरगा
पत्ते टाकत बसणं हा अर्धाच धडा आहे भो. सगळंच टाकलं तर ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी पाळीपाळीने भरायचे सक्तीचे पैसे, भरूनच माणूस झिजतो. डीलरच्या जागेवर फ्लॉपनंतर, म्हणजे पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावर, शेवटी बोलायला मिळतं, तिथे तोच राजा-गुलाम मी बिनधास्त खेळतो. आणि रंग लागल्यावर समोरचा आणखी किती भरेल, ते तुम्ही धरलंच नाही.

आकडेमोड, जळगाव
भुसावळकर, तिसऱ्या वर्षी डाव किती?

भुसावळकर
40 हजार. शंभर डावांमागे 5 बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडपैकी मोठा) नफा.

आकडेमोड, जळगाव
सहा जणांच्या टेबलावर शंभर डावांमागे चढउतार 90 बिग ब्लाइंडच्या आसपास असतो. 40 हजार डाव म्हणजे शंभराचे 400 गट. 400 चं वर्गमूळ 20. 90 भागिले 20 म्हणजे साडेचार. तुमच्या 5 च्या नफ्याला साडेचाराची चूक चिकटलेली आहे, म्हणजे खरा दर शून्याच्या जवळही असू शकतो आणि साडेनऊही. वर एप्रिल 2023 पासून वर्षाच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर, आणि आधीच्या वर्षांचा तोटा त्यातून वजा होत नव्हता. तुम्ही सुधारलात हे पटतं. नफ्यात आलात, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

भुसावळकर
हा हिशेब मी कधी मांडला नव्हता. नफ्याचं विधान मागे घेतो. आखाजीबद्दलचं नाही. पॅक करायला लाजणं हे नशीब नव्हे. यंदा आमच्या ओट्यावर चिंचोक्यांवर पोकर मांडणार आहे, पैसा अजिबात नाही. पोरांना पत्ते टाकायलाच शिकवणार.

अमळनेरची ताई
माझा विरोध कायम आहे. आज चिंचोके म्हणून बसलेला पोरगा उद्या कुठे बसेल, याची हमी तुम्ही देऊ शकत नाही. माझ्या भावाची सुरुवातही फुकटच्या चिप्सवरच झाली होती.

आकडेमोड, जळगाव
ताईंच्या म्हणण्यावर माझ्याकडे उत्तर नाही. भुसावळकर, वही असेल तर पहिल्या जागेवरचे आणि रात्री बारानंतरचे डाव वेगळे करून पाठवा. बसून बघतो.