फौजी माणूस सुट्टीवर घरी यायचा तेव्हा... (अनुभव धागा)

वाईकरीण

आमच्या सातारा जिल्ह्यात घराआड फौजी. अपशिंगे मिलिटरी गावातल्या 46 जणांनी पहिल्या महायुद्धात जीव दिला, तिथे त्यांचं स्मारक आहे, आणि त्या गावातली पोरं आजही भरतीला पळतात. लढायांबद्दल, पदकांबद्दल पुष्कळ लिहून झालंय आणि ते लिहायलाच हवं, पण मला या धाग्यात दुसरंच वाचायचंय. कायम नोकरीतल्या जवानाला किंवा सुभेदाराला वर्षाला 60 दिवस ॲन्युअल लीव्ह आणि 30 दिवस कॅज्युअल. म्हणजे सगळी सुट्टी मिळाली तरी बाप, नवरा, मुलगा म्हणून वर्षातले तीन महिनेच. त्या दिवसांत तो माणूस घरात नेमकं काय करायचा, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. आमचे आबा मराठा लाइट इन्फंट्रीत, ट्रेनिंग बेळगावला, पुढे बरीच वर्षं जम्मूकडे. झेलम एक्सप्रेसने पुण्याला उतरायचे, स्वारगेटवरून यष्टी. ते आले की आई पहिल्या सकाळी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्यांच्या हातात द्यायची. त्याच्या पानांच्या मागे ती वर्षभर पेन्सिलीने लिहून ठेवायची, पश्चिमेच्या भिंतीला ओल, धाकटीचा कान फुटतो, म्हशीचं दावं तुटायला आलंय, सोसायटीचा हप्ता. आबा चहा पिता पिता सगळं वाचायचे आणि एकेक काम झालं की त्यावर रेघ मारायचे. जायच्या आदल्या रात्री उरलेलं एका चिठ्ठीवर उतरवून पाकिटात ठेवायचे आणि मग तिकडून येणाऱ्या इनलँडमध्ये ख्यालीखुशाली दोन ओळींत आटपून खाली, ओलीचं काय झालं, कान दाखवला का, कोणत्या डॉक्टरला, काय म्हणाला. आम्हाला ते कुठे आहेत तेसुद्धा माहीत नसायचं, पत्ता काय तर नंबर, रँक, नाव, युनिट आणि केअर ऑफ 56 एपीओ, म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस. पण त्यांना घरातली कुठली भिंत ओली आहे ते माहीत असायचं. माझ्या लेखी हेच घर चालवणं.

चंदगडची सून

किती छान धागा काढलास गं. आमचे हे तोफखान्यात, नाशिकरोडला ट्रेनिंग झालेलं. पीस स्टेशन मिळालं की फॅमिली क्वार्टर, म्हणजे त्यातही नंबर लागायची वाट बघायची, आणि फील्डची पोस्टिंग आली की पांढऱ्या पेंटने नाव-नंबर टाकलेल्या काळ्या ट्रंका भरून आम्ही मायलेकरं परत गावी. मुलाच्या शाळा बदलून बदलून वह्यांचे ढीग झालेले. हे सुट्टीवर आले की दुपारी जेवण झाल्यावर ओटीवर बसून त्या वर्षीच्या सगळ्या वह्या पहिल्या पानापासून वाचायचे, अगदी शुद्धलेखनाची सुद्धा, आणि प्रत्येक वहीच्या शेवटी सही आणि तारीख. मुलगा शेजारी बसून घाबरत नाही तर खुशीत सांगत असायचा की हे गणित मला आधी येत नव्हतं बघा, इथे चुकलंय, इथे बाईंनी शिकवलं, मग इथून पुढे बरोबर. वर्षभराचा मुलगा ते असा वाचून काढायचे. त्या वह्या मी अजून रद्दीत दिलेल्या नाहीत आणि देणारही नाही.

माणदेशी

वह्यांचं वाचून भरून आलं. माझा दादा राजस्थान बॉर्डरला होता. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, सैन्य पाकिस्तानच्या सीमेवर नेऊन उभं केलं, सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. माझं लग्न फेब्रुवारीत ठरलेलं, त्याने महिनाभराची सुट्टी टाकून ठेवलेली, मंडप-आचारी सगळं पत्रातून ठरवलेलं. आला नाही, येऊच शकत नव्हता. लग्नात कानपिळीला चुलतभाऊ उभा राहिला. ते सैन्य माघारी यायला 2002 चा ऑक्टोबर उजाडला आणि दादाला नेमकी दिवाळीत सुट्टी मिळाली, आमचा पहिला दिवाळसण. तर पाडव्याला जेवणाची पानं वाढलेली, सगळे बसलेले, आणि हा उठून माझ्या नवऱ्याजवळ गेला, म्हणाला दाजी माझं एक राहिलंय, आणि सगळ्यांसमोर रीतसर कान पिळला. ह्यांनीही हसत हसत पोशाख कबूल केला आणि दुसऱ्या दिवशी बाजारात नेऊन घेतला. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. लग्नाच्या फोटोत दादा कुठेच नाही पण माझ्या लग्नातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच.

गडहिंग्लज

मी स्वतः हवालदार म्हणून रिटायर झालोय म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. सियाचीनला पोस्टवर साधारण तीन महिने ठेवतात. तिथे संत्रं दगडासारखं गोठतं, आंघोळ नाही, भूक मरते, झोप लागत नाही. सॅटेलाइट फोनवर बोलायला मिळायचं पण मागे लाइन लागलेली असते. मी बायकोला सांगून ठेवलं होतं की रडायचं नाही आणि मोठं काही बोलायचं नाही, आज भाकरी कशाबरोबर खाल्ली ते सांग, ऊस कुठवर आलाय ते सांग. ती पण शहाणी, बरोब्बर तेवढंच सांगायची, माझ्या आईचं दुखणं तिने मी खाली बेसला येईपर्यंत कळू दिलं नाही. रेशनमध्ये चॉकलेट, काजू-बदाम भरपूर मिळतं पण वर खाववत नाही, मी चॉकलेट साठवून पोरांसाठी घेऊन आलो होतो. सुट्टीत मी काय करायचो विचाराल तर शेतात जायचो आणि संध्याकाळी पोरांना घेऊन विहिरीवर. दोघांनाही पोहायला मीच शिकवलं, ते काम मी भावाला करू दिलं नाही. फौजीचं कौतुक होतं तेव्हा बरं वाटतं, पण मागे म्हातारी माणसं, पोरं, गुरं सगळं एकटीने ओढणाऱ्या बाईचं नाव कोण घेत नाही, ते घ्या.

वाईकरीण

गडहिंग्लजदादा, अगदी खरं. तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार.

शिरोळ

+१. आमचे तात्या 17 वर्षं करून चाळिशीच्या आतच पेन्शनीत आले. दोन बहिणींची शिक्षणं बाकी होती म्हणून परत डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, भरती झाले. घरी राहायचं सोडून पुन्हा युनिफॉर्म चढवला तो आमच्यासाठीच.

वऱ्हाडी पोरगा

माझे बाबा महार रेजिमेंटमध्ये, त्यामुळे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागरला. त्यांचा सुट्टीतला एक दिवस कागदांचा असायचा आणि त्या दिवशी घरात कोणी त्यांना हाक मारायची नाही. लग्न झालं, मूल झालं की युनिटमध्ये कळवून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डमधली नोंद, निघावी लागते, किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे कुटुंबाच्या यादीत, घरच्यांची नावं लागतात. बाबा आईचं शाळेचं दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख, रेशनकार्ड, आमचे जन्मदाखले सगळं समोर मांडून अक्षर न अक्षर ताडून बघायचे. आई म्हणायची एवढं काय त्यात, लेकरांना बाहेर घेऊन जा. ते म्हणायचे मी असताना हे सोपं आहे. बाबा गेले तेव्हा आईची फॅमिली पेन्शन फार धावपळ न करता सुरू झाली, आणि त्याच वेळी शेजारच्या गावातल्या एका काकूंचं नाव पीपीओवर (पेन्शन पेमेंट ऑर्डर, पेन्शनचा मुख्य कागद) एक आणि आधारवर दुसरं, त्या माउलीला किती खेटे घालावे लागले ते मी बघितलंय. म्हणून इथे ज्यांच्या घरी कोणी सर्व्हिसमध्ये आहे किंवा पेन्शनर आहे त्यांनी या सुट्टीत एवढं कराच, पीपीओ काढा आणि बायकोचं नाव, जन्मतारीख आधारशी जुळते का बघा.

चंदगडची सून

आमचं आधारवर माहेरचं नाव आहे. आता काय करायचं मग?

वऱ्हाडी पोरगा

ताई, आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार आणि लग्नाचा दाखला घेऊन. तिथे माजी सैनिकच बसलेले असतात, नीट समजावून सांगतात. आणि साहेब सोबत असतील तर त्यांनाच अर्ज करायला लावा.