मदत हवी आहे: जुन्या व्हिडिओ गेम सेटवर कॉन्ट्रा हा गेम ब्लॅक अँड व्हाइट दिसतोय, आणि पानं हलणारी कॅसेट कुठली?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीला असतो, लहानपण सगळं कळव्यात गेलं. गेल्या रविवारी आईने माळा आवरायला काढला तर आमचा जुना आठ-बिट व्हिडिओ गेम निघाला, दोन्ही रिमोटसकट, दादाने एकाच्या वायरला चिकटपट्टी लावली होती ती पण तशीच. कॅसेट एकच, कॉन्ट्राची. बाकीच्या याला त्याला दिल्या गेल्या, ही दादाने कधी कोणाला दिली नाही.

सेट चालू होतो, लाल लाइट लागतो, आवाज पण नीट येतो, पण एलईडी टीव्हीवर चित्र ब्लॅक अँड व्हाइट. टीव्हीला पिवळं सॉकेट वेगळं नाही, हिरव्यातच पिवळी पिन लावा असं मागे दाखवलंय. आणि कॅसेट दहातून आठ वेळा नुसते चौकोन आणि उलटीसुलटी अक्षरं दाखवते, फुंकून फुंकून दमलो.

म्हणून एका दुकानातून दुसरी कॉन्ट्रा आणली, सेम टू सेम आहे म्हणून दिली, पण नाहीये हो! आमच्यात पहिल्या जंगलाच्या स्टेजला मागची पानं वाऱ्याने हलायची, बर्फाच्या स्टेजला खरंच बर्फ पडायचा आणि स्टेज संपली की बेटाचा नकाशा यायचा. नवीन कॅसेटमध्ये पानं गप्प, बर्फ जमिनीवर आहे पण पडत नाही, नकाशा तर नाहीच. बायको म्हणते लहानपणीचं आहे, मनाने जोडलं असशील. पण दादा त्या नकाशावर बोट ठेवून आता इथपर्यंत आलो बघ असं दाखवायचा, ते मी कसं जोडेन?

मोबाइलवर एम्युलेटर (जुन्या सेटचे गेम चालवणारं अॅप) टाकून पण बघितला, तो मला फार फास्ट वाटला, धबधब्याच्या स्टेजला उडी मारायच्या आत गोळी लागते.

घाई यासाठी की दादा गणपतीला बंगळूरहून येतोय. आम्ही शेवटच्या, म्हणजे आठव्या स्टेजला पोचलो होतो, त्या धडधडणाऱ्या हृदयापर्यंत एकदाच, मग त्याची दहावी आली आणि आईने सेट माळ्यावर टाकला तो टाकलाच. शेवट आम्ही दोघांनीही पाहिलेला नाही, यूट्यूबवर पण मुद्दाम नाही पाहिला, त्यामुळे कृपा करून इथे कोणी सांगू नका. ३० लाइफचा कोड पाठ आहे (वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए) पण दादाला कोड लावलेला चालत नाही.

प्रतिसाद १:
रंगाचं आधी बघा. ते हिरवं सॉकेट दोन कामांचं असतं, कॉम्पोनंट (चित्र तीन वायरींत वाटून येतं ते) आणि साधं एव्ही (सगळं चित्र एका पिवळ्या वायरीतून). टीव्हीचा सोर्स कॉम्पोनंटवर असेल तर टीव्ही त्या वायरमधून फक्त उजेड-अंधाराचा भाग घेतो, म्हणून कृष्णधवल. सोर्स एव्ही करा. तरी नाही आलं तर सेटिंगमध्ये कलर सिस्टिम ऑटो किंवा पाल (PAL, टीव्ही सिग्नलचा एक प्रकार) करून बघा, आपल्याकडचे सेट पालचे असायचे. आणि अडॅप्टर हरवला असेल तर मिळेल तो लावू नका, प्लस आत की बाहेर ते सेटच्या मागे छापलेलं असतं ते जुळवूनच लावा.

फुंकणं बंद करा!! तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि आणखी गंज चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून इअरबडने पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. फारच काळ्या असतील तर खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि कचरा झटकून टाका.

प्रतिसाद २:
तुमची आठवण शंभर टक्के बरोबर आहे, वहिनींना सांगा. कोनामी या गेम कंपनीने १९८८ मध्ये कॉन्ट्रा जपानच्या फॅमिकॉमवर आणि अमेरिकेच्या एनईएसवर (दोन्ही निन्टेन्डोचे गेम सेट) काढला आणि दोन्हीत फरक आहे. जपानी कॅसेटमध्ये कोनामीची स्वतःची व्हीआरसी २ नावाची जादा चिप होती, हलणारी पानं आणि पडणारा बर्फ जपानीतच आहेत. अमेरिकन कॅसेटमध्ये ती चिप नव्हती, नकाशे आणि मधले सीन पण काढले. युरोपात तर १९९० मध्ये प्रोबोटेक्टर नावाने आला आणि माणसांच्या जागी रोबोट केले. आपल्याकडे फिरलेल्या नकली कॅसेट दोन्ही प्रकारच्या असायच्या, तुमची जपानीवरून काढलेली आहे आणि दुकानातली अमेरिकनवरून. जुनी अजिबात टाकू नका. अगदीच नाही चालली तर २०१९ च्या कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये जपानी फॅमिकॉमवालाही आहे.

फास्टचं पण खरं आहे. मूळ मशीन सेकंदाला ६० फ्रेमचं (चित्रांचं), आपले पालवाले सेट ५० चे, म्हणजे सगळा गेम सहातल्या पाच भागाच्या वेगाने चालायचा आणि तुमचे हात त्याच वेगावर बसलेत. कॉम्प्युटरवर मेसेन एम्युलेटर घेतलात तर त्यात रीजन डेंडी असा पर्याय आहे (रशियातल्या अशाच सेटचं नाव), तो ५० वर चालतो.

कोडबद्दल दादांना एवढंच सांगा की तो बनवणाऱ्या काझुहिसा हाशिमोतोंना स्वतःचाच ग्रेडियस हा गेम टेस्ट करताना अवघड जात होता, म्हणून त्यांनी तो त्यात घातला होता.

धागाकर्ता:
रंग आले! सोर्सचंच होतं. पिना दोनदा पुसल्या, कापूस काळाकुट्ट निघाला, आणि पहिल्याच झटक्यात कॉन्ट्रा लागला. पानं हलतायत. बायकोला बोलावून दाखवली, आई पण येऊन बसली आणि म्हणाली आवाज तोच आहे रे.

आता एकच अडचण, चौथ्या स्टेजनंतर नकाशा आला की चित्र गोठतं, कॅसेट थोडी दाबून धरली की पुढे जातं. आतला जोड सुटला असावा असं वाटतंय. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी कुठेही चालेल, जुन्या सर्किटचं बारीक सोल्डरिंग जपून करणारं कोणी माहीत असेल तर कळवा, आणि कॅसेट माझ्यासमोर उघडणारा हवा, ठेवून जा म्हणणारा नको. दादा शुक्रवारी रात्री पोचतोय.