ओल्या कचऱ्याच्या डब्यातले रंग : अनुभव लिहा

ओवी
बाजारात कांद्याच्या पोत्यांखाली सालींचा ढीग दिसला आणि आजीने अशाच सालींनी रंगवलेल्या तांबूस-सोनेरी खोळी आठवल्या. काही नवं सुचत नसेल तर आधी ओट्यावरचा डबा बघावा, असं माझं ठाम मत. १०० ग्रॅम सुती कापडाला १०० ग्रॅम सुकी सालं, ३ लिटर पाणी. पाऊण तास मंद आचेवर उकळून गाळायचं, मग त्यात कापड तासभर. तुम्ही काय वापरता?

सुतीसाडी
अगं, रंग पक्का बसायला आधी लावायची तुरटी राहिली! १०० ग्रॅम कापडाला १५ ग्रॅम. गरम पाण्यात पूर्ण विरघळल्यावरच कापड घाला, नाहीतर डाग पडतात.

रानवारा
त्याच्याही आधी हिरडा. रेशीम-लोकरीला नुसती तुरटी चालते, पण सुताला ती नीट धरत नाही, मधे टॅनिन, म्हणजे हिरड्यातला तुरट अंश, लागतं. २० ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर बुडवा. सकाळी पिळा, धुऊ नका, सावलीत वाळवा, मग तुरटी. जुन्नर-आंबेगावकडचं कुणी असेल तर हिरडा घरचाच.

मोगरा२
आणि कोऱ्या कापडाची खळ? धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळा. पाणी पिवळट होतं, ती घाण तशीच राहिली की रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. कुकर लावलाय, येते परत.

रानवारा
बरोबर, ते सगळ्यात आधी.

पाटावरवंटा
डाळिंबाची सालं घेतली तर हिरडा नको, टॅनिन त्यातच भरपूर. दाणे काढून कडक वाळवा, ओल राहिली की बुरशी.

ओवी
सोलापूरकडे डाळिंब काय भाव आहे सध्या?

पाटावरवंटा
उद्या मंडईत जाणार आहे, सांगते.

मोगरा२
आले. बीट कुणी सुचवू नका, धुण्यात जातं. हळद दिसते सुरेख, पण उन्हात उडते आणि साबणाने लाल होते. पडद्यांना तर नकोच.

रानवारा
गंजके खिळे फेकून देऊ नका हं, त्यांचं रंगासाठी पाणी करता येतं. मूठभर खिळे, १०० ग्रॅम गूळ, १ लिटर पाणी, दोन-तीन आठवडे. झाकण सैल ठेवा, आंबताना वायू होतो. कलमकारीतला काळा असाच होतो. या पाण्याचे दोन चमचे बादलीभर पाण्यात घालून त्यात कांद्याने रंगवलेलं कापड बुडवा, की शेवाळी छटा! मिनिटभरात काढून धुवा. लोखंड जास्त झालं तर कापड विरतं.

सुतीसाडी
किती सुंदर! ॲल्युमिनियमचं पातेलं चालेल का?

ओवी
स्टीलच घे. ॲल्युमिनियमने छटा बदलते, लोखंडी कढईत काळपटते. आणि ते पातेलं परत स्वयंपाकाला नको.