आंबोलीचा भेक आणि अंगणातला दयाळ

धरमपेठहून
‘आंबोलीच्या एका निरुपयोगी भेकासाठी निधी गोळा होतो, पण रोज पहाटे गाणाऱ्या दयाळासाठी कोणी अवाक्षर काढत नाही,’ हे आपल्या नागपूरच्या पक्षिमित्रांपैकी एकाचे विधान वाचून राहवले नाही. दयाळ भारतभरच नव्हे, तर आग्नेय आशियापर्यंत आढळतो; बांगलादेशाचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. आंबोली भेक, म्हणजे बेडकाची एक जात, मात्र जवळपास सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या परिसरापुरताच उरला आहे. २००९ मध्ये त्याची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद झाली आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. पावसाळ्याच्या तोंडावर जांभ्या दगडाच्या खळग्यांत साचलेल्या ओंजळभर पाण्यात त्याची अंडी असतात. पावसाने ओढ दिली की खळगे आटतात आणि पिल्ले तिथेच मरतात. तो कातळ गेला, तर त्याने जायचे कुठे?

प्रतापनगरहून
ते विधान माझेच आहे. आमच्या गल्लीतील जुन्या कडुनिंबाच्या ढोलीत दयाळाचे घरटे असायचे. रस्ता सिमेंटचा करताना बुंध्याला भिडेपर्यंत काँक्रीट ओतले, झाड वाळत गेले आणि शेवटी ‘धोकादायक’ ठरवून तोडले. त्या चैत्रात नर विजेच्या तारेवर बसून गात राहिला. तेव्हा तुमच्यापैकी एकही जण फिरकला नाही आणि आता आम्हाला सिंधुदुर्गाचे धडे देता!

महालातून
खरे दुखणे हे सिमेंटचे रस्तेच आहेत. झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीला बजावले होते. इथे बुंध्याशी बोटभरही माती उरत नाही. दयाळ जमिनीवरचे किडे टिपतो, ते काँक्रीटमध्ये कुठून येणार? पावसाचे पाणी मुरण्याऐवजी आमच्या ओसरीत शिरते, ते वेगळेच.

धरमपेठहून
कडुनिंबाच्या वेळी आम्ही गप्प बसलो, हा आरोप मान्य करावाच लागेल. तरीही गल्लीत ढोल्या राहिल्या, तर दयाळ शेजारच्या वस्तीतून परत येऊ शकतो. भेकाला शेजारची वस्तीच नाही. ‘निरुपयोगी’ हा शब्द तुम्ही मागे घ्यायला हवा.

प्रतापनगरहून
शब्द मागे घेतला, नाइलाजाने का होईना. पण ढोल्या राहिल्या तरच ना! पुढच्या गल्लीचे काम सुरू होण्याआधी बुंध्यांभोवती जागा सोडण्याचे निवेदन मी लिहितो. त्यावर तुमची सही असेल, तर आंबोलीच्या निधीत माझाही वाटा धरा.