माटोळीवरचा गटप्रकल्प ऑनलाइन घ्यायचा आहे: गट, साधनं, गुणदान याबद्दल सल्ला हवा

म्हादईकाठ
नमस्कार. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला पर्यावरण हा विषय, वर्गात ६० मुलं. चवथीची (गणेशचतुर्थीची) सुट्टी धरून सहा आठवड्यांचा गटप्रकल्प द्यायचा आहे: घरच्या माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीला) काय काय बांधलं, त्याला घरात काय म्हणतात, रानातून आणलं की बाजारातून, कोणती वस्तू आता मिळेनाशी झाली. निम्म्या मुलांकडे फक्त मोबाइल. पावसात वीज जाते, काही वाड्यांवर रेंज नाही. कॉलेजचं मूडल (ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली) आहे, पण त्यावर पीडीएफ टाकण्यापलीकडे काही होत नाही. गट कसे करावेत, माहिती कुठे गोळा करावी आणि एकाने राबायचं नि चौघांनी गुण घ्यायचे हे कसं टाळावं?

खडूफळा
साधनांचं नंतर बघा, आधी कामाची फोड करा. एकट्याने पूर्ण होऊ शकणारं काम गटाला दिलं की ते एकटाच करतो, मग मूडल असो की गूगल डॉक.

चौघांचे १५ गट करा, आठ-दहाचे नकोत. प्रत्येक गटात निदान एक लॅपटॉपवाला आणि शक्यतो वेगवेगळ्या गावांची मुलं. गटातल्या चौघांना चार विषय वाटून द्या: फळं, पानं-फुलं, वेली आणि बांधणी, नावं आणि प्रथा. मग पंधराही गटांतले फळंवाले एकत्र बसतील, पानंवाले एकत्र. पंधरा जणांच्या बैठकीत तिघेच बोलतात, म्हणून त्यांचे पाच-पाचाचे तीन कट्टे करा. तिथे पक्कं करून आणलेलं प्रत्येकाने आपल्या मूळ गटाला शिकवायचं. ही जिगसॉ पद्धत. एलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांत ती उभी केली. कॉलेजच्या मुलांनाही ती तितकीच लागू पडते, कारण दुसऱ्याकडची माहिती आल्याशिवाय आपला भाग पुराच होत नाही.

वेळ: पहिल्या आठवड्यात गट आणि सराव, दुसऱ्यात फॉर्मची चाचणी. चवथीत फक्त नोंदी आणि फोटो, बैठक एकही नको. ऐन चवथीत घरी कुणाला सवड नसते. सुट्टीनंतर दोन आठवडे कट्टे, शेवटचा लेखनाला.

तक्तेवाली
माहिती थेट शीटमध्ये भरायला देऊ नका. साठ जणांना एडिटची परवानगी दिली की मोबाइलवर कुणाचं तरी बोट लागून एखादा रकाना पुसला जातो. त्याहून वाईट म्हणजे कुणी एकच रकाना निवडून क्रम लावतो आणि नाव एकीकडे, गाव दुसरीकडे जातं. ते लवकर लक्षातही येत नाही. गूगल फॉर्म करा, त्याची उत्तरं शीटमध्ये उतरवा, आणि शीट मुलांना फक्त बघायला द्या.

एक वस्तू म्हणजे एक नोंद. ‘आमच्या माटोळीत पंचवीस जिन्नस होते’ असा परिच्छेद आला तर त्यातून मोजता काही येणार नाही. दर वेळी गट आणि गाव भरायचा कंटाळा येतो, म्हणून प्री-फिल्ड लिंक करा: ही दोन उत्तरं आधीच भरलेली असा दुवा गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.

फोटोंचा हिशेब आधीच करा. ६० मुलं, प्रत्येकी २० वस्तू, एक फोटो साधारण ४ एमबी, म्हणजे ४.८ जीबी. फॉर्मची एकूण फाइल-मर्यादा मुळात १ जीबी असते. ती भरली की फॉर्म उत्तरं घेणंच बंद करतो, आणि नेमका चवथीच्या दिवशी. सेटिंगमध्ये ती १० जीबी करा. फोटो फॉर्म करणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जातात. साध्या खात्यात जीमेल धरून एकूण १५ जीबीच मिळतात, तेव्हा जागा आधी तपासा. फाइल चढवायला गूगल खात्यात लॉगिनही लागतं. भावाच्या फोनवरून भरणाऱ्यांसाठी नाव आणि रोल नंबरचा प्रश्न वेगळा ठेवा.

नावांसाठी दोन रकाने: ‘घरात म्हणतात ते नाव’ मुलाने भरायचं, ‘ठरलेलं नाव’ नंतर कट्ट्याने भरायचं. पेडण्यात एक नाव आणि काणकोणात दुसरं असेल तर ते पुसू नका, प्रकल्पातली खरी माहिती तीच आहे. पण मोजणी दुसऱ्या रकान्यावर करा, आणि तिथे हाताने टाइप करण्याऐवजी ड्रॉपडाउन द्या. ‘घागऱ्यो’ हा शब्द घ्या: त्यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. कीबोर्ड वेगळे असले की शीट त्यांना दोन वेगळे शब्द समजते आणि एकाच वस्तूच्या दोन ओळी होतात.

वीजगेली
रेंजबद्दल थोडंसं. फॉर्म ऑफलाइन भरोशाचा नाही. घरी वहीत नोंद, फोटो फोनमध्ये, आणि कॉलेजला आल्यावर वायफायवर भरणं हाच रस्ता. तेव्हा मुदत सुट्टी संपल्यानंतर चार दिवसांनी ठेवा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचे झाले तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते आकसतात आणि पान ओळखण्याइतका तपशील उरत नाही. एका वस्तूचं फळ आणि पान दोन्ही फ्रेममध्ये हवं. फोटोवरून ओळखणाऱ्या गूगल लेन्सने सांगितलेलं शास्त्रीय नाव हा अंदाज समजा आणि वनस्पतीशास्त्राच्या शिक्षकांकडून पक्कं करून घ्या.

म्हादईकाठ
हे फार उपयोगी पडलं, धन्यवाद. लेखनासाठी गटाला एक गूगल डॉक द्यायचा विचार आहे. व्हर्जन हिस्टरीवरून (कुणी कधी काय बदललं त्या नोंदीवरून) गुण द्यावेत का? आणि मुलांनीच एकमेकांचं तपासायची मूडलमधली सोय कुणी वापरली आहे का?

खडूफळा
हिस्टरी पुरावा म्हणून ठेवा, मोजपट्टी म्हणून नको. तिघांनी मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि लॅपटॉपवालीने चिकटवला, तर सगळं तिच्याच नावावर दिसतं. म्हणून नियम करा: आपला भाग आपल्याच खात्यातून. मोबाइलवर डॉक्सच्या अ‍ॅपमध्ये मराठीत बोलून लिहिता येतं, तेवढं पुरे. प्रत्येकाला स्वतःचा मथळा द्या. एकाच परिच्छेदात दोघे ऑफलाइन बदल करून आले की जोडणी झाल्यावर वाक्यांची खिचडी होते. दुसऱ्याच्या भागात थेट खोडाखोड नाही, सजेस्टिंग मोडमध्ये सुचवणी करायची. जुन्या आवृत्त्या गूगल कधीकधी एकत्र करतं, म्हणून दर शुक्रवारी आवृत्तीला नाव द्या.

२० पैकी १२ गुण व्यक्तीचे (नोंदी, आपला भाग, दुसऱ्यांना दिलेल्या सुचवण्या) आणि ८ गटाचे ठेवा. उलटं केलंत तर जो राबतो तोच चिडतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

लॅब_क्र_३
मूडलमध्ये ती सोय ‘वर्कशॉप’ या नावाने आहे. पाच टप्पे: मांडणी, सादरीकरण, मूल्यांकन, गुणनिश्चिती, बंद. शिक्षकाने टप्पा पुढे सरकवल्याशिवाय मुलांना काही दिसत नाही, आणि ‘सर, उघडत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा त्यामुळेच येते. तारखेला आपोआप सरकवायची खूण सादरीकरणाच्या मुदतीखाली आहे, ती करा आणि कुणी कुणाचं तपासायचं त्या वाटपासाठी शेड्यूल्ड अ‍ॅलोकेशन (आपोआप होणारं वाटप) निवडा. वाटप आधी हाताने उरकलंत तर उशिरा आलेल्यांचं लेखन तपासायला कुणाच्याच वाट्याला येत नाही.

वर्कशॉप गटाचं सादरीकरण घेत नाही, ते व्यक्तीचंच असतं. तेव्हा प्रत्येकाने आपला भाग तिथे टाकायचा. गटाचा अंतिम अहवाल मूडलच्याच ‘असाइनमेंट’मध्ये घ्या, तिथे गटाने सादर करायचा पर्याय आहे. प्रत्येकाच्या वाट्याला तीन लेखनं द्या, आणि स्वतःच्या गटातल्यांचं तपासायला मिळू नये ही खूण करा. लेखनाला ८० आणि तपासणीला २० गुण हे मुळातलं प्रमाण ठीक आहे. तपासणीचे गुण सगळ्या तपासनिसांच्या सरासरीला सर्वांत जवळ असलेल्या तपासणीशी तुलना करून निघतात, म्हणून एका लेखनाला तीनपेक्षा कमी तपासनीस असतील तर त्या गुणांना अर्थ राहत नाही. गुणनिश्चितीच्या टप्प्यात पुनर्गणनेचं बटण दाबायला विसरू नका.

निकष मोजता येण्यासारखे लिहा. ‘मांडणी चांगली आहे’ असं लिहिलंत तर सगळे दहापैकी नऊ देतात. ‘प्रत्येक वस्तूसोबत गाव आणि सांगणाऱ्याचं नातं दिलं आहे का’ असं विचारा.

विकिवाचक
फोटो चांगले आले तर मुलांना विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या खुल्या फोटोसंग्रहावर) चढवायला शिकवा, हे खरं डिजिटल कौशल्य. फोटो स्वतः काढलेलाच हवा. घरातल्या माणसांचे चेहरे नकोत, आणि फोटोतली जागेची माहिती काढून टाका, कारण तो कुणाच्या तरी घराचा पत्ता असतो. विकिपीडियावर मात्र आजीने सांगितलेलं लिहिता येत नाही, तिथे छापील संदर्भ लागतो. एक अडचण नक्की येईल: एका इंटरनेट-जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात, लॅबमध्ये सातवं अडतं. खाती आधीच घरून, मोबाइल डेटावर उघडायला सांगा.

तक्तेवाली
आणि फॉर्म वाटण्याआधी एका गटाकडून पाच वस्तू भरून घ्या, दोघांकडून मोबाइलवर आणि दोघांकडून लॅपटॉपवर. प्रश्न बदलायचे तर तेव्हाच बदला. नोंदी सुरू झाल्यावर नवा प्रश्न घातला तर त्याचा रकाना आधीच्या नोंदींसमोर रिकामाच राहतो.